कॅमेऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत मिक्सर, शिलाई मशीन आणि इस्त्री यांचेच प्रश्न जास्त असतात. या खेपेला एका आईचं पत्र कॅमेऱ्याबद्दल आहे. त्यांचा मुलगा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि लग्नांचे फोटो काढून स्वतःच्या फीचे पैसे उभे करतो. कॅमेरा डीएसएलआर, जुना, ओळखीतून हप्त्यांवर घेतलेला. काही महिन्यांपासून फोटोंत राखाडी ठिपके दिसू लागले. एका वलीम्याच्या फोटोंत, मंडपाच्या पांढऱ्या कापडावर, ते इतके उठून दिसले की यजमानांनी उरलेले पैसे अडवून ठेवले. दुरुस्तीच्या दुकानात दाखवलं, तर "सेन्सर गेला, बदलावा लागेल," असं उत्तर मिळालं. खर्चाचा आकडा ऐकून घरातल्या सगळ्यांचा धीर सुटला. "कॅमेरा येईल त्या किमतीला विकून टाकावा का?" असं त्या विचारतात.

उत्तर आधीच देते. विकू नका. सेन्सरही बदलू नका. आधी पाच मिनिटांची एक तपासणी करा, तिला एक पैसाही लागत नाही. त्यांनी पत्रात एक गोष्ट सहज लिहून टाकली आहे, पण सगळं मर्म तिच्यातच आहे: नवरदेवाच्या जवळून काढलेल्या फोटोंत ठिपके नाहीत, मैदानात दुपारी काढलेल्या मोठ्या ग्रुप फोटोंत मात्र आहेत. बिघडलेला सेन्सर असा माणूस बघून वागत नाही. असं वागते ती धूळ.

धूळ बसते कुठे?

लेन्सच्या मागे, कॅमेऱ्याच्या पोटात एक छोटा आयत असतो. तोच सेन्सर. पूर्वी जिथे फिल्म असायची, तिथे आता हा बसतो. फुल फ्रेम कॅमेऱ्यात त्याचा आकार ३६ बाय २४ मिलिमीटर असतो. लग्नाच्या कामात नवशिक्यांकडे जे स्वस्त डीएसएलआर दिसतात, त्यांत तो साधारण २३ बाय १५ मिलिमीटरचा, म्हणजे टपालाच्या तिकिटाएवढा असतो.

लोकांना वाटतं की धूळ थेट सेन्सरवर बसते. तसं नाही. सेन्सरच्या पुढे पातळ काचेचे थर बसवलेले असतात. ते नको असलेले अवरक्त किरण अडवतात. धूळ बसते ती या काचेवर. आपण साफ करतो तीही ही काचच. हे समजलं की अर्धी भीती जाते. उरलेली अर्धी मात्र ठेवायलाच हवी, कारण या काचेवर नाजूक लेप असतो आणि त्यावर ओरखडा उमटला तर तो पुसला जात नाही.

आता ठिपका एका फोटोत दिसतो आणि दुसऱ्यात का दिसत नाही? घरी मुलांना बसवून एक प्रयोग करा. टेबलावर पांढरा कागद ठेवा. त्याच्या चार बोटं वर पेन्सिल आडवी धरा. मोठ्या खिडकीच्या उजेडात तिची सावली फिकट आणि पसरलेली पडेल, कारण उजेड सगळीकडून येतो आणि पेन्सिलीच्या आजूबाजूने वाट काढतो. मग खोली अंधारी करून मोबाईलची टॉर्च लावा. सावली लगेच काळी आणि रेखीव होईल. शाळेत प्रच्छाया आणि उपच्छाया शिकवताना आम्ही हेच दाखवतो.

कॅमेऱ्यातही अगदी असंच घडतं. लेन्समधून उजेड आत येण्याचं छिद्र म्हणजे ॲपर्चर. एफ/२.८ ला ते मोठ्या खिडकीसारखं उघडं असतं. धुळीच्या कणाची सावली तेव्हा विरून जाते. एफ/११, एफ/१६ ला तेच छिद्र बारीक होतं, टॉर्चसारखं. कणाची सावली ठळक उमटते. चेहऱ्याचे फोटो बहुधा मोठ्या छिद्राने काढतात. पन्नास माणसांचा ग्रुप, ईदगाहचं मैदान, डोंगर किंवा मशिदीची पूर्ण इमारत काढायची असेल तर छिद्र बारीक करावं लागतं. त्यात मागे पांढरं आभाळ किंवा पांढरे कपडे असले की ठिपका लपायला जागाच उरत नाही.

आधी निदान

डॉक्टर नाडी बघितल्याशिवाय औषध देत नाही. कॅमेऱ्याचंही तसंच आहे.

कॅमेरा ॲपर्चर प्रायॉरिटीवर लावा. (बहुतेक कॅमेऱ्यांवर यासाठी ए किंवा एव्ही अशी खूण असते.) आयएसओ १००, ॲपर्चर एफ/१६. लेन्स मॅन्युअल फोकसवर घेऊन मुद्दाम अस्पष्ट करा. मग स्वच्छ आभाळाचा, पांढऱ्या भिंतीचा किंवा संगणकाच्या कोऱ्या पांढऱ्या पडद्याचा फोटो घ्या. फोटो थोडा उजळ आला तर चांगलंच. भिंतीचा फोटो घेत असाल आणि शटरचा वेग कमी असेल, तर बटण दाबल्यावर कॅमेरा किंचित हलवा. भिंतीवरचे डाग त्या हलण्यात पुसले जातील. सेन्सरवरची धूळ कॅमेऱ्याबरोबरच हलते, म्हणून ती जिथल्या तिथे दिसेल.

आता फोटो मोठा करून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत बघा. जे दिसेल त्याचा अर्थ असा:

कडा विरलेला, राखाडी, वेडावाकडा ठिपका दिसला आणि एफ/४ ला तो नाहीसा झाला, तर ती कोरडी धूळ.

बारीक वाकडा धागा दिसला, तर तो कपड्याचा तंतू.

गोल, मध्ये गडद आणि भोवती फिकट कडं असलेला ठिपका हा बहुधा तेलाचा किंवा वाळलेल्या थेंबाचा असतो.

लाल, निळा किंवा पांढरा, सुईच्या टोकाएवढा आणि प्रत्येक ॲपर्चरला तसाच दिसणारा बिंदू म्हणजे सेन्सरमधला बिघडलेला पिक्सेल. खात्री करायची तर लेन्सवर झाकण लावून एक फोटो घ्या. अंधारात धूळ दिसणार नाही, चमकणारा पिक्सेल मात्र दिसेल. तो पुसून जाणार नाही.

ठिपका लेन्सचा की सेन्सरचा, असा संशय असेल तर दुसरी लेन्स लावून पुन्हा फोटो घ्या. ठिपका त्याच जागी असेल तर तो सेन्सरवरचा. लेन्सच्या पुढच्या काचेवरचा एखादा कण फोटोत असा ठिपका होऊन येत नाही, त्यामुळे ती काच उगाच घासत बसू नका. आणि डीएसएलआरच्या खिडकीतून डोळ्याला कचरा दिसतो, पण फोटोत दिसत नाही, तर तो आरशावर किंवा वरच्या फोकसिंग पडद्यावर आहे. त्याने फोटो बिघडत नाही. त्याला हात लावू नका. आरशाचा मुलामा बाहेरच्या बाजूला असतो आणि पुसताना तो सहज खराब होतो.

पत्रलेखिकेच्या मुलाने एवढं केलं तर दुकानदाराचं निदान बरोबर की चूक, हे त्याला स्वतःलाच कळेल. दुकानदारावर शंका घ्यायची गरज नाही. मात्र एफ/४ चा आणि एफ/१६ चा असे दोन फोटो समोर ठेवून "ठिपका इथे का नाही?" असं विचारायला काय हरकत आहे?

पहिली पायरी: काहीच न करणं

एफ/१६ ला कोपऱ्यात दोन फिकट ठिपके दिसले आणि नेहमीच्या कामात, म्हणजे एफ/४ ते एफ/८ मध्ये काहीच दिसत नाही, तर सेन्सर साफ करू नका. वापरात असलेला, शंभर टक्के निर्मळ असा सेन्सर शोधून सापडणार नाही. दोन ठिपके मोबाईलवर स्नॅपसीडच्या हीलिंगने किंवा संगणकावर लाइटरूममध्ये काही क्षणांत जातात. प्रत्येक सफाईत थोडा धोका असतो. दिसत नसलेल्या ठिपक्यासाठी तो पत्करण्यात शहाणपणा नाही.

दुसरी पायरी: कॅमेऱ्याला स्वतःच झटकू द्या

२००३ मध्ये ऑलिंपसने ई-१ हा कॅमेरा आणला. त्यात सेन्सरपुढची काच अतिशय वेगाने थरथरवून धूळ झटकण्याची सोय होती. कॅननने ही सोय २००६ मध्ये ४००डी या मॉडेलमध्ये दिली. आज ती बहुतेक कॅमेऱ्यांत असते. मेनूमध्ये "सेन्सर क्लीनिंग" किंवा "क्लीन इमेज सेन्सर" असा पर्याय शोधा. कॅमेरा टेबलावर सरळ, बुडावर ठेवा आणि दोन-चार वेळा ही क्रिया चालवा. मग पुन्हा एफ/१६ चा फोटो. सुटी धूळ बऱ्याचदा इथेच पडते. ठिपके गेले असतील तर काम संपलं. पुढे वाचा, पण पुढे करू नका.

तिसरी पायरी: ब्लोअर

फोटोच्या सामानाच्या दुकानात रबराचा, हाताने दाबायचा, रॉकेटच्या आकाराचा ब्लोअर मिळतो. काहीशे रुपयांची ही वस्तू हजारो रुपये वाचवते. लग्नांचं काम करणाऱ्याच्या बॅगेत ती असलीच पाहिजे.

जागा नीट निवडा. ज्या खोलीत लादी नुकतीच ओल्या फडक्याने पुसली आहे ती उत्तम. पंखा बंद करा आणि हवेतली धूळ खाली बसायला अर्धा तास द्या. लोकरीची शाल, मखमल, तंतू सुटणारी ओढणी अंगावर नको. लहान मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा. प्रकाश भरपूर हवा.

बॅटरी पूर्ण भरलेली असावी. हे पुन्हा सांगते, कारण सर्वात महागडी चूक इथेच होते. डीएसएलआरमध्ये सेन्सरच्या पुढे आरसा आणि शटरचा पडदा असतो. मेनूमध्ये "मॅन्युअल क्लीनिंग" किंवा "लॉक मिरर अप फॉर क्लीनिंग" असा पर्याय निवडला की आरसा वर जातो आणि पडदा उघडा राहतो. मध्येच बॅटरी संपली तर दोन्ही झटक्यात मिटतात. त्या वेळी आत काही असेल तर पडदा फाटला किंवा वाकला म्हणून समजा. काही जण बल्ब मोडवर बटण दाबून धरतात आणि त्यात सफाई करतात. ते कधीही करू नका. बोट सुटलं की पडदा मिटतो.

आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यात लेन्स काढली की सेन्सर बहुधा समोरच दिसतो. काही मॉडेल, उदाहरणार्थ कॅननचा ईओएस आर, बंद केल्यावर शटरचा पडदा सेन्सरपुढे मिटून घेतात. त्या पडद्यावर जोराने हवा मारू नका आणि बोट तर मुळीच लावू नका. सफाईचा पर्याय मेनूतूनच निवडा. आपल्या मॉडेलची पुस्तिका हाताशी असू द्या. हरवली असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर मिळते.

आता ब्लोअर आधी बाहेरच, हवेत, पाच-सहा वेळा दाबा. त्याच्या पोटातली धूळ निघून जाऊ द्या. कॅमेऱ्याचं तोंड खाली करा, म्हणजे सुटलेली धूळ पुन्हा आत बसणार नाही. ब्लोअरचं टोक लेन्सच्या कड्याच्या आत घालू नका. बाहेरूनच आठ-दहा वेळा जोरात दाबा. तोंड खालीच ठेवून लेन्स किंवा झाकण लावा, कॅमेरा बंद करा, आणि पुन्हा चाचणीचा फोटो घ्या. ठिपके राहिले असतील तर आणखी एकदा. माझ्या माहितीतल्या बहुतेक कॅमेऱ्यांचं गाऱ्हाणं याच पायरीवर मिटलेलं आहे.

ब्लोअर नाही म्हणून आपल्याकडे लोक जे उपाय करतात, त्यांची यादी भीतिदायक आहे. तोंडाने फुंकर मारली तर थुंकीचे बारीक थेंब जातात आणि वाळून डाग पडतो. मग कोरड्या धुळीचं सोपं काम ओल्या सफाईचं अवघड काम होऊन बसतं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेल आणि पाणी असतं, आणि तिचा जोर तर विचारूच नका. डबाबंद हवेच्या फवाऱ्यातून गार द्रव उडून काचेवर बसू शकतो. हेअर ड्रायर नको, व्हॅक्यूम क्लीनरही नको. कापसाची काडी, टिश्यू पेपर, चष्म्याचं कापड, ओढणीचं टोक हे तर कधीच नको. ही सगळी साधनं धूळ काढत नाहीत, धूळ काचेवर घासतात.

चौथी पायरी: ओली सफाई

ब्लोअरने न हलणारा ठिपका चिकट असतो. तेल, परागकण, दमट हवेत चिकटून बसलेली धूळ. यासाठी स्वॅब मिळतात, म्हणजे चपट्या काडीच्या टोकाला तंतू न सोडणारं कापड लावलेले सफाईचे ब्रश. त्यांची रुंदी सेन्सरच्या उंचीला जुळती घ्यायची: फुल फ्रेमसाठी २४ मिलिमीटर, लहान सेन्सरसाठी १६ मिलिमीटर. सोबत सेन्सरसाठीच बनवलेलं द्रव्य हवं. सॅनिटायझर, काच पुसायचं औषध, औषधाच्या दुकानातलं स्पिरिट, अत्तर यांपैकी काहीही चालत नाही, कारण ते सुकताना मागे थर ठेवतात किंवा लेप खराब करतात. एक्लिप्ससारख्या काही द्रव्यांत मिथेनॉल असतं. ते विषारी आहे आणि पटकन पेट घेतं. खिडकी उघडी ठेवा, पण वारा थेट टेबलावर येऊ देऊ नका. गॅस, लोबान, अगरबत्ती जवळ नको. बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा.

ओल्या सफाईआधी ब्लोअर मारायचाच, तो टाळू नका. एखादा वाळूचा कण काचेवर राहिला आणि त्यावरून स्वॅब फिरवला, तर तो कण ओरखडा काढत जाईल.

मग स्वॅबच्या कडेला दोन थेंब द्रव्य टाका. दहा थेंब नव्हेत. पाच-सात सेकंद थांबा, ते कापडात पसरू द्या. स्वॅब सेन्सरच्या एका टोकाला हळूच टेकवा, किंचित तिरका धरा आणि न उचलता, एकाच संथ ओढीत दुसऱ्या टोकापर्यंत न्या. दाब किती? चांगल्या वहीत शाईपेनाने अक्षर काढताना देतो तेवढा. दुसऱ्या टोकाला पोहोचलात की स्वॅब उलटा, त्याची दुसरी स्वच्छ बाजू टेकवा आणि तसेच परत या. झालं. हा स्वॅब आता कचऱ्यात. धुवून पुन्हा वापरायचा मोह होतो, कारण तो महाग असतो. पण त्यात अडकलेला कण पुढच्या वेळी तुमच्याच काचेवर घासला जाईल.

चाचणीचा फोटो घ्या. द्रव्याची फिकट रेघ राहिली असेल तर नवा स्वॅब, या वेळी एकच थेंब. दोन किंवा फार तर तीन स्वॅबनंतरही ठिपका तसाच असेल तर थांबा. जोर वाढवू नका. कदाचित तो ओरखडा असेल, कदाचित काचेच्या थरांच्या आत काही असेल. त्यापुढचं काम कंपनीच्या सेवा केंद्राचं.

एका ठिपक्याचीच जागा शोधायची असेल तर शाळेतलं भिंग आठवा. लेन्स सेन्सरवर उलटी प्रतिमा पाडते. कॅमेरा उभा, सरळ धरून समोरून आत पाहाल, तर फोटोत वर दिसणारा ठिपका सेन्सरवर खाली असेल. डावं-उजवं मात्र तुम्हाला तसंच दिसेल, कारण तुम्ही समोरच्या बाजूने बघत आहात. आभाळातले ठिपके म्हणजे सेन्सरच्या खालच्या भागातली धूळ.

सेन्सर गेला नाही, पण दोष कॅमेऱ्याचा असेल तर?

कधीकधी ठिपके पुन्हा पुन्हा येतात आणि त्यात तुमचा काहीच दोष नसतो. निकॉनने २०१२ मध्ये डी६०० हा कॅमेरा आणला, तेव्हा त्याच्या सेन्सरवर ठिपके साचत असल्याच्या तक्रारी अनेक ग्राहकांनी केल्या. आधी कंपनीने सफाईचा आणि सेवा केंद्रात दाखवण्याचा सल्ला दिला. २०१४ मध्ये मात्र, हमीची मुदत संपली असली तरी, तपासणी, सफाई आणि शटरची बदली मोफत करण्याचं जाहीर केलं. यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, नवा कॅमेरा हमीच्या मुदतीत असेल तर ठिपक्यांचे फोटो तारखांसह जपून ठेवा आणि आधी कंपनीकडे जा. घरी ओल्या सफाईत झालेलं नुकसान हमीत बसत नाही. दुसरी, जुना कॅमेरा विकत घेताना विक्रेत्यासमोरच एफ/१६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून बघा. आणि तुम्ही विकणार असाल तर असा फोटो स्वतःहून दाखवा. दोष सांगून केलेल्या सौद्यात बरकत असते.

धूळ आतच येऊ नये म्हणून

धूळ आत जाण्याचा मुख्य दरवाजा म्हणजे लेन्स बदलण्याची वेळ. लग्नात घाई असते. मागून "ए फोटोवाले!" अशी हाक येते आणि मुलगा मंडपाच्या पंख्याखाली उभा राहून लेन्स बदलतो. ते टाळावं. कॅमेरा बंद करावा. दुसरी लेन्स झाकण सैल करून हाताशी तयार ठेवावी. वाऱ्याकडे पाठ करून, कॅमेऱ्याचं तोंड खाली ठेवून काही सेकंदांत बदल करावा. उन्हाळ्यातल्या मैदानात किंवा धूर सोडणाऱ्या यंत्राजवळ लेन्स बदलूच नये. जमल्यास एक लेन्स स्टेजसाठी आणि एक मैदानासाठी, असं आधीच ठरवून घ्यावं.

लेन्सच्या मागचं झाकण आणि कॅमेऱ्याचं झाकण आतून पुसून ठेवावं. बरीचशी धूळ या झाकणांतूनच येते. ही झाकणं खिशात टाकू नयेत, खिशातले तंतू त्यांना चिकटतात. रिकाम्या वेळेत दोन्ही झाकणं एकमेकांना लावून ठेवावीत. बॅग महिन्यातून एकदा उलटी करून झटकावी.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, धुळीपेक्षा ओलाव्याची भीती जास्त. कॅमेरा चामड्याच्या पिशवीत, कपाटाच्या तळाशी ठेवू नका. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पुड्या ओलावल्या की बदला.

अडकलेल्या पैशांचं काय?

पत्रलेखिका ताईंना शेवटचं सांगणं त्या वलीम्याच्या फोटोंबद्दल. सेन्सरवरची धूळ प्रत्येक फोटोत त्याच जागी असते. लाइटरूममध्ये एका फोटोवर केलेली दुरुस्ती त्याच मापाच्या इतर फोटोंवर एकदम उतरवता येते. कॅननचा कॅमेरा असेल तर डस्ट डिलीट डेटा नावाची सोय आहे. ती धुळीच्या जागांची नोंद फोटोबरोबर ठेवते आणि कॅननच्याच सॉफ्टवेअरमध्ये ठिपके आपोआप पुसता येतात. पण ही नोंद फोटो काढण्याआधी घ्यावी लागते, म्हणून ती पुढच्या कामांसाठी. उभे आणि आडवे फोटो वेगळे करा. चेहऱ्यावर, मेंदीवर किंवा जरीकामावर ठिपका आला असेल तिथे मशीनवर विसंबू नका, एकेक फोटो डोळ्यांनी तपासा. दोन रात्रींचं काम आहे.

मग मुलाने फोटो घेऊन स्वतः त्या घरी जावं. फोनवर बोलून हे काम होत नाही. ठिपके कशाचे होते आणि ते कसे काढले, हे साध्या शब्दांत सांगावं, दुरुस्त फोटो दाखवावेत आणि मगच उरलेल्या पैशांचा विषय काढावा. कुणाच्या लग्नाचे फोटो म्हणजे अमानत, ती नीट करून परत दिली की लोक सहसा पैसे अडवत नाहीत. पुढचं कामही बहुधा त्याच घरातून मिळतं.

पुढच्या लग्नाच्या आदल्या रात्री बॅटरी चार्जिंगला लावताना एफ/१६ ला पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढायची सवय त्याने लावून घ्यावी. ठिपका सापडलाच तर दुसऱ्या पायरीने सुरुवात करावी आणि जिथे काम झालं तिथेच हात थांबवावा.

पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, लेन्सच्या आत वाढणाऱ्या बुरशीविषयी लिहीन. पावसाळ्यानंतर ज्यांच्या फोटोंवर धुकं आल्यासारखं दिसतं, त्यांनी लेन्स टॉर्चसमोर धरून आत जाळीसारखं काही दिसतं का ते बघून ठेवावं आणि मला जरूर लिहावं.